मेडिकल की धंतोली? गुप्तरोगाची शंका आल्यावर कुठे जावं

नागपुरात अशी शंका आली की तीन वाटा दिसतात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतलं गुप्तरोगांचं ‘सुरक्षा क्लिनिक’, धंतोली-रामदासपेठेतले खासगी त्वचारोगतज्ज्ञ, आणि भिंतीवर मोबाईल नंबर रंगवणारे ‘गॅरंटी’वाले. तिसऱ्यांचं थोडक्यात आटोपते: सिफिलिस या गुप्तरोगाची जखम औषधाशिवायही भरून येते आणि आजार शरीरात राहतो. यांची गॅरंटी त्याच भरलेल्या जखमेवर चालते.

सरकारीत ‘तसलेच’ लोक जातात, हा समज फार पक्का आहे. गंगाजमुना या वेश्यावस्तीतल्या बायका, वाडीच्या ट्रान्सपोर्टमधले ड्रायव्हर येतात, खरंय. संस्थांचे कार्यकर्ते त्यांना नियमित तपासणीसाठी आणतात, म्हणजे ते आपल्यापेक्षा जास्त जागरूक म्हणायचे! पण अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या गृहिणीही असतात, आणि त्यातल्या अनेकींना संसर्ग लैंगिक संबंधांतून झालेलाच नसतो. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सगळ्यांचीच करतात; त्यात काही निघालं तर नवऱ्यालाही बोलावतात. लग्न ठरलेली मुलं येतात, होस्टेलवरची येतात. आणि मेडिकलच्या त्वचा विभागाबाहेर गजकर्णवाला नि तुम्ही एकाच रांगेत असता. कोण कशासाठी आलंय, कुणाला कळतं?

उलट ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे सासरेही जात असतील तर घुसमट होते. गुप्तता पाळणं मात्र दोन्हीकडे बंधनकारक आहे: 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही आणि निकाल ऑफिसला कळवता येत नाही.

उपचारांत खरा फरक आहे. सरकारीत लक्षणं पाहून त्याच दिवशी मोफत औषध देतात. औषधांच्या किटचे रंग ठरलेले असतात: लघवीच्या जागेतून स्राव असेल तर करडं, नागिणीसारखे फोड असतील तर लाल. रिपोर्टसाठी थांबायला नको, हे उत्तम. पण क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग बऱ्याचदा लक्षणंच दाखवत नाही, बायकांमध्ये तर विशेष. तिथे लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर चाचणी लागते. खासगीत ती सहज होते, पण खिसा हलका करते. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा सकाळच्या ओपीडीसाठी सुट्टी मिळतच नसेल, तर मी खासगीच सांगेन. एकच डॉक्टर दर वेळी भेटतो, निवांत ऐकतो. (निवांत म्हणजे धंतोलीत पार्किंग मिळालं तर.)

एचआयव्हीच्या चाचणीसाठी मात्र सरकारीच. मोफत आहे, आधी-नंतर समुपदेशक बोलतो, आणि पॉझिटिव्ह निघालात तर औषधंही मोफत सुरू होतात. जायचं धाडस होत नसेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली असेल तर ओपीडीची वाट पाहू नका: एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. रात्र असली तरी मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा.

खर्च मोजताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. जोडीदाराला औषध दिलं नाही तर संसर्ग परत येतो. सरकारीत त्याचंही किट मोफत मिळतं. खासगीत फी दोघांची धरा.