पैठणी घ्यावी की हिमरू?

संभाजीनगरच्या हस्तकला प्रदर्शनात पैठणी साडी आणि सुती-रेशमी विणीची हिमरू शाल, दोन्ही मांडलेल्या दिसल्या, तर कापड आधी उलटं करून बघा. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो. नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते. विणकर ती हाताने उभ्या धाग्यांतून फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवतो. एका मोरासाठी कितीतरी कांड्या! भरगच्च पदराला महिने लागतात, किंमत त्याचीच. घासाघीस करू नका.

हिमरूत उभे धागे सुती, आडवे रेशमी. नक्षीचे जादा धागे मागे मोकळे राहतात, म्हणून शाल मऊ नि उबदार. तीच खिशाला परवडते.

लग्नाला पैठणीच. रोजच्या वापराला मात्र मी हिमरू घेईन, आणि तिचे हातमाग थोडेच उरलेत म्हणून आग्रहाने घेईन.