पाण्याचं नेलपॉलिश दोन महिने वापरलं, आता लिहिते

माझी पोरगी सहा वर्षांची, नखं कुरतडते आणि तिला नेलपॉलिश पण पाहिजे. म्हणजे लावलेलं सगळं दोन दिवसात पोटात. मागच्या दिवाळीला तुळशीबागेतून तीसला एक अशा चार बाटल्या आणलेल्या, एकीवरही कंपनीचं नाव धड नाही, बुडाला नुसता ४७ नंबरचा स्टिकर, आणि झाकण उघडलं की वास असा सुटायचा की सासूबाई हॉलमधून ओरडायच्या, "अगं, घरात पेंटर आलाय का?"

मग ऑनलाइन शोधाशोध सुरू केली तर जिकडे तिकडे थ्री-फ्री, फाइव्ह-फ्री, टेन-फ्री, म्हणजे तेवढी वाईट केमिकल्स ह्यात नाहीत असा दावा. थ्री म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट, तिघंही जुने बदनाम. टोल्युइनच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं, फॉर्मल्डिहाइड तर कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि तिसरं युरोपात कॉस्मेटिक्समधून केव्हाच बाद झालंय. पण तीनच्या पुढच्या आकड्याला काही अर्थ नाही हो, दहा म्हणजे नक्की कुठले दहा ह्याचा ठरलेला नियमच नाही, प्रत्येक कंपनीचे दहा वेगळे.

आणि खरी गंमत पुढे आहे. डायब्युटिल थॅलेट काढलं तर नेलपॉलिश कडक होऊन तडकतं, म्हणून काही कंपन्यांनी त्याजागी ट्रायफिनाइल फॉस्फेट घातलं, जे प्लास्टिक आणि फोमला आग लागू नये म्हणूनही वापरतात! २०१५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी २६ बायकांना असलं नेलपॉलिश लावून लघवी तपासली, तर दहा ते चौदा तासांनी त्या केमिकलची खूण जवळपास सातपट वाढलेली. हातमोजे घालून त्यावर खोटी नखं चिकटवून तेच लावलं तेव्हा एवढं वाढलं नाही, म्हणजे श्वासातून कमी आणि कातडीतूनच जास्त जात असणार. हे वाचल्यापासून मी बाटलीचं तोंड बघतच नाही, आधी पाठ बघते.

तर मी घेतलं ते पाण्याचं, ३४० रुपये, बाटली एवढीशी. पाठीवर पहिलंच नाव अ‍ॅक्वा, म्हणजे पाणी, मग अ‍ॅक्रिलिक, मग रंग. नेहमीच्या नेलपॉलिशमध्ये तिथे इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असतात, तो झणझणीत वास त्यांचाच. ह्याला वास जवळजवळ नाहीच, शाळेतल्या फेव्हिकॉलसारखा किंचित.

आता खरं सांगते, पहिला हात दिला तेव्हा पैसे वाया गेले असंच वाटलं. रेघा रेघा, मधेच पांढुरकं नख दिसतंय. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यायचा, घाई केली की ब्रशबरोबर खालचा थर उचलून येतो, मी दोनदा केलं हे. तिसऱ्या हाताला रंग बसला, मस्त डाळिंबी. फुल स्पीड फॅनखाली प्रत्येक हाताला सात-आठ मिनिटं, पोरीला तेवढा वेळ बसवायला कार्टून लावावं लागतं ते वेगळं.

टिकतं किती? तिच्या हातावर चार दिवस. माझ्या हातावर दीड. सकाळी भाकरीचं पीठ मळलं, मग दोन कढया घासल्या, आणि अंगठ्यावरचं अख्खं नेलपॉलिश सालपटासारखं निघून बेसिनमध्ये! सासूबाई म्हणाल्या, "३४० चं ते हेच का?" पिठात गेलं नाही हे नशीब. आता मी फक्त पायाला लावते, तिथे आठवडा जातो. काढायला कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं बुडवायची आणि सोलायचं, अ‍ॅसिटोन लागत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली, नखं आधी रिमूव्हरने पांढरी भुरभुरीत व्हायची ती बंद झाली. हट्टी तुकडे राहिले तर थोडं सॅनिटायझर.

जेलवाल्यांनी माझ्याशी भांडू नका, टिकण्यात जेलशी ह्याची बरोबरीच नाही. फक्त पार्लरवालीला जेलमध्ये टीपीओ (लाइटखाली जेल घट्ट व्हावं म्हणून घालतात ते केमिकल) आहे का ते विचारा, युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर बंदी आहे. आणि घरी किट आणून करणाऱ्या मैत्रिणींनो, न वाळलेलं जेल कातडीला लागू देऊ नका, त्यातल्या हेमा (HEMA) नावाच्या केमिकलची अ‍ॅलर्जी एकदा लागली की जन्माची मागे लागते.

लहान मुलींसाठी पाचपैकी चार, भांडी घासणाऱ्या बायकांसाठी दोन. झाकण मात्र घट्ट लावा, माझी पिस्ता रंगाची बाटली सैल राहिली आणि पंधरा दिवसात आत रबर झालं.