पर्वतीच्या पायऱ्यांवर सात महिने एचआयआयटी

थोडा वेळ जीव तोडून, मग सावकाश, पुन्हा जीव तोडून. एचआयआयटी (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) म्हणजे इतकंच. तरी पहिले दोन महिने मी ते चुकीचंच केलं.

वय 46, बैठं काम, घर पुण्यात सहकारनगरला. जिमचे वर्षाचे पैसे भरून तीन आठवड्यांत सोडल्याचा पूर्वेतिहास आहेच. डॉक्टरांना विचारून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून होणारी हृदयाची तपासणी, करून घेतली (चाळिशीनंतर हे टाळू नका) आणि जानेवारीत पर्वतीची टेकडी गाठली. पायऱ्या 103, रुंद आणि बसक्या. पहिल्याच दिवशी तबाता: 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. चौथ्यालाच कडेला बसलो. रोजचे एक आजोबा ‘सावकाश हो’ म्हणत शांतपणे वर निघून गेले. ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या संशोधक तबातांचा 1996 सालचा जपानी प्रयोग सायकलवर आणि कसलेल्या तरुणांवर झाला होता, हे मी नंतर वाचलं.

खरी चूक विश्रांतीत होती. मी उतरतानाही पळायचो आणि रोज जायचो. मग चढताना जोर उरायचाच नाही, सगळा व्यायाम मध्यम होऊन बसायचा. वर गुडघा दुखायला लागला तो वेगळाच.

आता दहा मिनिटं चालून अंग गरम करतो. मग मिनिटभरात वर, आणि कठड्याला धरून अगदी रमतगमत खाली. एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं की पुढचा फेरा. असे सहा, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. रविवारी तळजाई टेकडीवर नुसतं चालणं. 220 वजा वय या ढोबळ हिशेबाने माझ्या हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला 174, म्हणजे चढताना दीडशेच्या पुढे जायला हवेत. पण इतक्या छोट्या फेऱ्यात मनगटावरचं घड्याळ मागे पडतं. बोलता येतंय का, हीच कसोटी बरी.

फरक? सकाळी उठल्यावरचे ठोके 78 वरून 69 वर आले. ऑफिसचे चार मजले चढून थेट मीटिंगमध्ये बोलता येतं. वजन मात्र जेमतेम दीड किलो उतरलं. व्यायामानंतरही तासन्‌तास चरबी जळते म्हणतात, ते जळणं फार थोडं असतं. रविवारच्या एका मिसळीत फिटतं.

जूनपासून पायऱ्या निसरड्या झाल्यात, म्हणून सोसायटीतल्या जुन्या सायकलवर तबाता पुन्हा धरलाय. मूळ प्रयोगाइतका जोर अर्थातच नाही. सहा फेरे होतात, सातव्याला पाय ऐकत नाहीत.