‘उद्यापासून लेकरू आणू नका’: साथीच्या कसोटीवर मराठवाड्यातली पाळणाघरं

पाळणाघर निवडताना लोक खोली बघतात, खेळणी बघतात, कॅमेरा आहे का ते विचारतात. साथीतही ज्यांना कामावर जावंच लागतं त्यांचं एवढ्यानं भागत नाही. स्टाफ नर्स, पोलिस शिपाई, महावितरणचा लाइनमन, एसटीची वाहक, नगरपालिकेची सफाई कामगार, आशाताई यांचा प्रश्न वेगळा असतो. रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप येतो, ‘उद्यापासून लेकरू आणू नका’, आणि सकाळी आठची पाळी असते. मधल्या साडेदहा तासांत करायचं काय? छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, अंबाजोगाई या पट्ट्यात मिळणाऱ्या सोयी इथं फक्त या एका प्रश्नावर तपासल्या आहेत. केंद्रांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. पाळणाघर शेवटी सांभाळणाऱ्या बाईचं असतं. ती बदलली की त्याच पाटीखाली वेगळीच सेवा मिळते.

मार्च २०२० मध्ये काय झालं ते आठवून बघा. इंग्लंडनं २० मार्चनंतर शाळा बंद केल्या, पण अत्यावश्यक सेवेतल्या पालकांच्या मुलांसाठी त्या चालू ठेवल्या. आपल्याकडे कुलूप सगळ्यांना सारखंच लागलं, आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातले किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयाचे वॉर्ड मात्र चोवीस तास चालू. अंगणवाडीवरही विसंबता येईना. ती मुळात दिवसभराचं पाळणाघर नाही, आणि तेव्हा तर अंगणवाडीताई घरोघर शिधा पोचवत आणि सर्वेक्षण करत फिरत होत्या. त्यांची स्वतःची लेकरं कुणाकडे होती, हे फारसं कुणी विचारलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये शाळांना पुन्हा कुलूप लागलं आणि २४ जानेवारीपासून त्या हळूहळू उघडल्या. त्यामुळे हा एकदाच येऊन गेलेला प्रसंग समजू नये.

पाळणाघर अचानक बंद पडण्याची कारणं तीन. पहिलं, सरकारी आदेश. दुसरं, एखादं मूल किंवा मावशी बाधित निघणं. तिसऱ्याचा विचार आधी कुणी करत नाही: पाळणाघर चालू असतं, पण मावशी पोचू शकत नाही. नर्सच्या ओळखपत्रावर नाक्यावरून सोडतात. मावशीकडे काय असतं? तिची गल्ली पत्रे ठोकून प्रतिबंधित क्षेत्र झाली, शहर बस आणि रिक्षा थांबल्या, की दार उघडायलाच माणूस उरत नाही. म्हणून पहिल्या भेटीत ‘मावशी राहतात कुठं आणि येतात कशानं?’ हे विचारावं. पायी पंधरा मिनिटांच्या आत राहणारी मावशी हा कॅमेऱ्यापेक्षा मोठा गुण आहे.

या कसोटीवर सगळ्यात सरस ठरतं ते घरगुती पाळणाघर. एका घरात पाच-सहा लेकरं, सांभाळणारी त्याच घरात राहणारी, मदतीला सून किंवा शेजारची एखादी बाई. येण्याजाण्याचा प्रश्नच नाही. लेकरं कमी, त्यामुळे संपर्कही कमी. पाळीचे तास बदलले तर बोलून सांभाळून घेता येतं; सकाळी पावणेआठला लेकरू सोडणं इथं जमतं, पाटीवाल्या डे-केअरमध्ये नऊशिवाय दार उघडत नाही. पण याची मोठी कच्ची बाजूही तीच आहे. सगळं एका माणसावर उभं असतं. त्या घरात कुणाला ताप आला की पाचही लेकरं एकदम उघड्यावर, आणि निरोप येतो तो रात्री, कारण ताप बहुधा संध्याकाळी लक्षात येतो. यावर एकच उपाय खरा चालतो: अशा दोन घरांनी आधीच जोडी लावून ठेवायची. एक बंद झालं की दुसऱ्यानं दोन-तीन लेकरं घ्यायची. मात्र आजाराच्या संपर्कात आलेलं लेकरू दुसऱ्या घरी पाठवायचं नाही, नाहीतर दुसरंही घर दोन दिवसांत बंद होतं. जोडी उपयोगी पडते ती एकाच घराची गल्ली बंद झाली किंवा सांभाळणारी अडकली तर; घरात कुणी बाधित निघालं तर आई-बापानं सुट्ट्या आळीपाळीनं शिल्लक ठेवणं हाच मार्ग राहतो.

नर्सरीला जोडलेली डे-केअर दिसायला सगळ्यात व्यवस्थित असतात. पावती मिळते, माणसं प्रशिक्षित असतात, एक मावशी आली नाही तर दुसरी असते. पण ती शाळेच्या छपराखाली चालतात. शाळा बंद म्हणजे तीही बंद, मग आत एकही रुग्ण नसला तरी. दुसरी खोट लेकरांच्या सरमिसळीत आहे. सकाळी तीन गट तीन खोल्यांत असतात आणि दुपारी जेवायला, झोपायला एकाच सतरंजीवर येतात. एक लेकरू बाधित निघालं की तीस घरांना फोन जातो. दहा-दहाचे गट, ठरलेली मावशी, वेगळी झोपायची खोली, शी-शूची वेगळी जागा, एवढं पाळणारं डे-केअर मिळालं तर एका गटापुरतं बंद करून बाकीचं चालू ठेवता येतं. दुपारी दीडच्या सुमारास न सांगता जाऊन बघा. तेव्हा खरं काय ते दिसतं.

रुग्णालयातलं पाळणाघर कागदावर सगळ्यांत उत्तम. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ देणंही त्यातच आलं. त्यासाठी निघालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ५०० मीटरच्या आतली जागा आणि तीन वर्षांखालच्या दर १० लेकरांमागे एक सेविका असं प्रमाण दिलं आहे. ही सोय साथीत बंद पडणं सर्वांत कठीण असायला हवं, कारण रुग्णालय बंद होतच नाही. तरीही दोन गोष्टी आधी तपासा. खोलीची वाट कोणत्या वॉर्डावरून जाते? संसर्गाच्या वॉर्डाचा जिना आणि पाळणाघराचा जिना एकच असेल तर पहिल्याच आठवड्यात ती खोली दुसऱ्या कामाला जाते. आणि कंत्राटी माणसांची लेकरं घेतात का, हे लेखी विचारा. कंत्राटी नर्स, लॅब टेक्निशियन आणि सफाईच्या बायांनाच या सोयीची सर्वाधिक गरज असते, आणि ‘कायम कर्मचाऱ्यांसाठीच’ हे उत्तर त्यांनाच मिळू शकतं.

बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून लेकरू सांभाळायला घरी येणारी बाई तातडीला सोपी वाटते. फोन केला की तिसऱ्या दिवशी बाई येते. पण तातडी उद्याची असते, तिसऱ्या दिवसाची नव्हे. नवी बाई आणि दीड वर्षाचं लेकरू यांची ओळख व्हायलाच चार-पाच दिवस लागतात, म्हणून ही सोय संकट यायच्या आधीच थोडी वापरून ठेवावी: महिन्यातून दोन शनिवार, तीन-तीन तास, आई घरात असताना. आधारची प्रत आणि पोलिस ठाण्यातली चारित्र्य पडताळणी ब्युरो देतो का, बदली बाई किती तासांत, आणि बदली बाईचीही पडताळणी झालेली असते का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी अडखळतात.

आणि आजी. अचानकची बंदी आली की लेकरू बहुतेक वेळा तिच्याचकडे जातं. साठीच्या पुढच्या माणसाला साथीचा धोका जास्त, आणि वॉर्डातून थेट येणाऱ्या घरातलं लेकरू तिच्या कुशीत झोपतं. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या तर गावाकडून तिला आणताही येत नाही. खरिपाच्या पेरणीला जूनमध्ये आणि सोयाबीन काढणीला ऑक्टोबरमध्ये ती शेत सोडून येऊ शकेल असंही धरू नये. आजीवर भार टाकायचाच तर लेकरू आणि आजी एका ठिकाणी ठेवून वॉर्डात काम करणाऱ्यानं त्या दिवसांत वेगळं राहणं, हेच त्यातल्या त्यात सुरक्षित. रोज ने-आण करणं सर्वांत वाईट.

आता प्रत्यक्ष जागा. पहिल्यांदा पाण्याची टाकी बघा. लातूरनं २०१६ मध्ये रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे, आणि मराठवाड्यातल्या अनेक वस्त्यांत नळ चार-आठ दिवसांनी येतो. एका लेकराचे दिवसातून सहा वेळा साबणानं हात धुवायचे तर दर वेळी अर्धा लिटर धरला तरी तीन लिटर. दहा लेकरांचे तीस, आणि मावशींचे, भांड्यांचे, लंगोटांचे वेगळे. टँकरच्या दिवशी पाणी न आल्यास काय करता, याचं उत्तर ‘येतंच’ असं मिळालं तर ते सोडून दुसरं पाळणाघर बघावं.

दुसरा कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, खिडक्या उघड्या ठेवा म्हणणं सोपं. कूलर खिडकीत बसवलेला, पाठ बाहेर आणि समोरचं दार किंवा खिडकी अर्धी उघडी असेल तर तो बाहेरची हवा आत ओढतो आणि आतली बाहेर ढकलतो. साथीत हे चांगलंच. तोच कूलर खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर सगळ्यांचा श्वास तो गोल फिरवत राहतो. बंद खोलीतला एसीही तेच करतो. भारनियमनाच्या तासांत हवा कशी खेळते तेही बघा.

स्वच्छतेच्या द्रावणाबाबत सगळीकडे गोंधळ आहे. ब्लीचचा वास जितका उग्र तितकी सफाई चांगली, असा समज असतो. लेकरांच्या खेळण्यांना आणि टेबलांना ०.१ टक्का हायपोक्लोराइट (म्हणजे पातळ केलेलं द्रवरूप ब्लीच) पुरतं. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर १ लिटर पाण्यात २५ मिली. आधी साबणानं मळ काढायचा, मग द्रावण १० मिनिटं, मग साध्या पाण्यानं धुऊन वाळवायचं. मळावर ओतलेलं द्रावण वाया जातं. रोज ताजं बनवायचं, कारण उन्हात आणि गरमीत त्याचा जोर उतरतो. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हात धुवायला साबणच. पाच वर्षांखालच्या लेकरांना मास्क लावायचा नाही. लावत असतील तर मावशींना कुणी नीट सांगितलेलं नाही.

अंगावर पिणाऱ्या लेकराचं दूध हा आणखी नाजूक भाग. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडे मेमध्ये खोली तेवढी थंड नसतेच, म्हणून बाहेर ठेवायचं नाही. बर्फाचे पॅक घातलेल्या डब्यातून न्यावं आणि पोचताच फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावं, दारात नाही. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ. कोमट करायला गरम पाण्याची वाटी. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. लेकरानं तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर फेकायचं, जीव हळहळला तरी.

कागदावर काय हवं? दाखल करतानाच तीन ओळी लिहून घ्याव्यात. बंदचा निरोप कुणी, कोणाला आणि कशावर द्यायचा. ग्रुपवरचा मेसेज हा निरोप धरायचा नाही, फोन करायचा, कारण पीपीई किटमध्ये असलेल्या नर्सच्या हातात मोबाइल नसतो. म्हणून दुसरा नंबर वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरचा किंवा ठाणे अंमलदाराचा असावा. दुसरी ओळ, दुपारी ताप आला तर लेकरू न्यायला किती वेळ मिळेल आणि तोवर त्याला वेगळं कुठं ठेवतील. तिसरी, बंद काळातली फी. पूर्ण फी घेणं जाचक आहे, पण फी शून्यावर आणली तर मावशी दुसरं काम धरते आणि पाळणाघर उघडतं तेव्हा ती नसते. पंधरा दिवसांपर्यंत अर्धी फी, आणि ती मावशींच्या पगाराला जाईल असं नोंदवून, हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडतो. अनामत रक्कम किती दिवसांत परत, तेही तिथंच.

रात्रपाळी मात्र जवळजवळ कुणीच घेत नाही, घरगुती पाळणाघरंही नाहीत. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करणाऱ्या एकट्या आईसाठी या सगळ्या सोयी निम्म्याच आहेत, आणि हा दोष पाळणाघरवाल्या बायांचा नाही. व्यवहारात चालतं ते एवढंच: एकाच वॉर्डातल्या, विरुद्ध पाळ्यांच्या दोघींनी एकमेकींची लेकरं घेणं, आणि पाळ्या लावतानाच इनचार्ज सिस्टरना तसं सांगून ठेवणं. लेकरू सांभाळणाऱ्या दुसरीच्या घरी लेकराच्या पिशवीत दोन जोड कपडे, लंगोट, झोपताना लागणारी चादर आणि एक कागद ठेवावा. कागदावर लेकराचं वजन, कशाची ॲलर्जी, लेकराच्या डॉक्टरांचा नंबर आणि तापाच्या औषधाचा डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिलीलिटरमध्ये, बाटलीवरच्या आकड्यासकट. पॅरासिटामॉलचं सिरप दर ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. ‘एक चमचा’ एवढंच सांगितलं तर रात्री दोन वाजता डोस दुप्पट जाऊ शकतो. कागद पिशवीत सुटा न ठेवता औषधाच्या बाटलीलाच रबरबँडनं बांधावा.