रस्टचं म्युटेक्स पॉयझनिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोंदी गोळा करणारी आमची सेवा आठ महिने रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवर चालते आहे. एका म्युटेक्समागे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामाला) आत सोडणाऱ्या लॉकमागे, दोन गोष्टी आहेत: नोंदींची यादी आणि त्यांची बेरीज. लॉक हातात असताना थ्रेड पॅनिक झाला, म्हणजे चूक होऊन मध्येच पडला, तर रस्ट लॉक सोडतं, पण म्युटेक्सवर 'पॉयझन्ड' अशी खूण ठेवतं. पुढे लॉक मागणाऱ्याला एरर मिळते.

सुरुवातीला प्रत्येक लॉकपुढे मी सरळ अनरॅप (एरर आली की पॅनिक करणारा कॉल) लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात एका थ्रेडने हद्दीबाहेरचा इंडेक्स वाचला, आणि त्याच्यामागे लॉक मागणारा एकेक थ्रेड पडत गेला. घाईघाईत सगळीकडे एररवर इनटू_इनर लावलं. त्याने एरर असूनही गार्ड, म्हणजे आतल्या डेटाचा ताबा, मिळतो आणि काम चालू राहतं. तीन आठवड्यांनी बेरीज जुळेना. नोंद यादीत गेल्यावर, पण बेरीज वाढण्याआधी एक थ्रेड मेला होता. रस्टने ते सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. ही चूक मला अजून बोचते.

आता लॉक घेण्याचं काम एकाच फंक्शनमध्ये आहे. एरर आली की गार्ड काढायचा, यादीवरून बेरीज नव्याने करायची, मग क्लिअर_पॉयझनने खूण पुसायची. ही सोय मार्च २०२४ च्या १.७७ आवृत्तीत स्थिर झाली. त्याआधी खूण उतरवताच येत नसे. जिथे डेटा पुन्हा उभा करता येत नाही, तिथे तो टाकून रिकाम्यापासून सुरुवात करतो. शिवाय पडू शकेल असं सगळं काम लॉकच्या बाहेर नेलं. आत फक्त तयार निकाल ठेवायचा. सर्वाधिक फायदा यानेच झाला.

जावात सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमधून एक्सेप्शन बाहेर पडलं की लॉक सुटतं, खूण काहीच राहत नाही. पोझिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाचा) रोबस्ट म्युटेक्स याहून कडक: मालक मेला तर पुढच्याला 'ओनर डेड' कळतं, आणि डेटा सुसंगत असल्याचं न सांगता त्याने लॉक सोडलं तर म्युटेक्स कायमचा निकामी. मला हा कडकपणा आवडतो.

आरडब्ल्यूलॉक (एका वेळी अनेक वाचणारे किंवा एकच लिहिणारा आत सोडणारं लॉक) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तो फक्त लिहिताना झालेल्या पॅनिकने पॉयझन होतो. आणि पॅनिकची सेटिंग 'अबॉर्ट' असेल तर अख्खी प्रोसेसच जाते, सावरायला कोणी उरत नाही.

एक उणीव खटकते: कोणता थ्रेड कुठल्या टप्प्यावर पडला हे ती खूण सांगत नाही. म्हणून प्रत्येक बदलाआधी नोंदीचा क्रमांक मी वेगळ्या ॲटॉमिकमध्ये (लॉकशिवाय सुरक्षितपणे वाचता-लिहिता येणाऱ्या चलात) लिहून ठेवतो.