कापडावरचा वारली लग्नचौक: घेताना काय बघावं

डहाणू-जव्हारकडच्या आणि मुंबईतल्या प्रदर्शनांच्या स्टॉलवर तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाची चित्रं ढिगाने मिळतात. लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचा चौकोन, बहुधा मागावा लागतो. आमची पसंती चौकालाच. नाच कुणीही गिरवतो. चौक लिहायला (म्हणजे काढायला) मात्र आई-आजीच्या शेजारी बसून किनार भरायला शिकावं लागतं. लग्नघरात सवाशिणी तो भिंतीवर लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि मधोमध बसते पालघाट, सगळ्यांना पिकवणारी आई.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणू भागात कागद पोचवले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर आली. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या बायांनी पिढ्यानपिढ्या भिंती लिहिल्या, त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून विकणाऱ्याला आधी विचारा, चौक कुणी लिहिला? उत्तर टाळलं तर पुढे सरका.

मग किनार बघा. त्रिकोणांच्या, नागमोडी आणि साखळीच्या ओळी एकात एक बसलेल्या हव्यात. सूर्य, चंद्र, फणी, शिडी असावी. शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या (पाच डोक्यांचा देव) असेल तर उत्तमच. आत पालघाट नसून नुसती झाडं आणि मोर भरले असतील तर ती सजावट झाली, चौक नव्हे. किंमतसुद्धा लांबी-रुंदीवर ठरवू नका. दोन ओळींची किनार आणि सात ओळींची किनार यांत कितीतरी दिवसांच्या कामाचा फरक असतो.

हाताची रेघ ओळखणं सोपं आहे. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलेलं असतं, त्यामुळे रेघ सुरुवातीला जाड पडते, काडीवरचं तांदळाचं पीठ संपत आलं की बारीक होते, पुन्हा बुडवली की पुन्हा जाड. छापील मालात सगळे ठिपके एका मापाचे. ओलं बोट कोपऱ्यावर हलकेच टेकवा (दुकानदाराला विचारूनच!). तांदळाचं पांढरं किंचित बोटाला लागतं, ॲक्रिलिक लागत नाही. ॲक्रिलिक वाईट नाही, टिकतंही जास्त, पण तसं सांगून विकावं.

तांदळाच्या रंगाचं सगळं गणित डिंकात आहे. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पांढरं भुकटीसारखं झडतं. जास्त झाला तर रेघ पिवळट, चकचकीत दिसते आणि घडीवर तडकते. पीठ जाडसर असेल तर ठिपके खरखरीत राहतात. कापड तिरकं धरून बघा, कणी लगेच दिसते. गेरूचा हात एकसारखा नसेल तर मात्र खोट काढू नका, सारवलेली भिंतही तशीच असते.

घरी आणताना घडी घालू नका. किमान तीन इंच जाडीच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची फट हवीच. नाहीतर पावसाळ्यात पीठ काचेला धरतं आणि बुरशी येते. तांदूळ असल्याने कसरही लागते. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, दिवाळीच्या साफसफाईत मागची बाजू उघडून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं मात्र अजिबात नको.