एकच गेम, दोन कन्सोल : निन्टेन्डो स्विचचे परीक्षण

निन्टेन्डो स्विच हा टीव्हीला जोडून किंवा हातात धरून गेम खेळण्याचा कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याच्यापाशी छाती ठोकून दाखवावा असा मोठा गेम एकच होता, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. त्या पहिल्या महिन्यात अमेरिकेत सुमारे ९ लाख ६ हजार स्विच विकले गेले आणि स्विचसाठीच्या झेल्डाच्या प्रती मात्र सुमारे ९ लाख २५ हजार खपल्या. कन्सोलपेक्षा गेमचाच खप जास्त झाला! या उपकरणाचे परीक्षण करताना सुरुवात या आकड्यांपासूनच करावी लागते, कारण निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर ६.२ इंची पडदा, ७२० पी रिझोल्यूशन आणि ३२ जीबी साठवण एवढाच त्याचा ऐवज आहे, आणि ताकदीच्या बाबतीत तो सोनीच्या त्या काळच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलच्या जवळपासही पोहोचत नाही.

तरीही हातात घेतल्यावर ही उणीव विसरायला होते, आणि त्याचे श्रेय झेल्डाला द्यायला हवे. डोंगराचा कडा चढत असताना पाऊस सुरू होतो, दगड निसरडे होतात, पाठीवरच्या लोखंडी तलवारीतून ठिणग्या उडू लागतात, आणि ती वेळेत उतरवून ठेवली नाही तर वीज नेमकी आपल्यावरच कोसळते. हे एकदा कळले, की पुढच्या वादळात तीच तलवार शत्रूंच्या घोळक्यात टाकून विजेकडून त्यांचा समाचार घ्यावा, असे आपले आपल्यालाच सुचते. असा शोध लागण्याच्या ऐन क्षणी टीव्ही दुसऱ्या कुणाला हवा असेल, तर कन्सोल डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्याच्या बैठकीतून, उचलायचा. तेच वादळ त्याच जागेवरून हातातल्या पडद्यावर सुरू राहते. गेम आणि यंत्र यांचे इतके जुळलेले गणित मी फार थोड्या कन्सोलवर पाहिले आहे.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणारा, गेम चांगला असला की कन्सोल खपतोच, असे सर्रास मानले जाते, पण मला ते अर्धेच खरे वाटते. हाच झेल्डा त्याच दिवशी ‘वी यू’ या निन्टेन्डोच्या आधीच्या कन्सोलवरही आला होता. वी यू तेव्हा अखेरच्या टप्प्यात होता, म्हणून ते उदाहरण बाजूला ठेवू. ‘मारिओ कार्ट ८’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे मात्र तसे नाही. २०१४ मध्ये, म्हणजे वी यू भर बाजारात असताना, हा गेम केवळ त्याच्यासाठी निघाला आणि खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला, तरी वी यूची एकूण विक्री १ कोटी ३६ लाखांच्या आसपासच थांबली. त्याचा पडदा असलेला कंट्रोलर मूळ खोक्यापासून फार दूर नेता येत नसे, आणि हा नवा कन्सोल आहे की त्याआधीच्या ‘वी’ या कन्सोलचा जोडभाग, हेच अनेक गिऱ्हाइकांना उमगले नाही. पुढे २०१७ मध्ये तोच गेम थोडी भर घालून ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या नावाने स्विचवर आला आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. स्विचच्या दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर सुटे करून एक स्वतःकडे ठेवायचा आणि दुसरा समोरच्याच्या हाती द्यायचा, की वेगळी कसलीही खरेदी न करता शर्यत सुरू होते. वी यूला जमले नाही ते इथे जमले, कारण गेमला हवी ती सोय यंत्रातच होती.

याची उलट बाजू १९९७ मध्ये दिसली होती. ‘फायनल फँटसी’ मालिकेचे आधीचे भाग निन्टेन्डोच्या कन्सोलवर निघाले होते, पण सातवा भाग तीन सीडींचा झाला आणि सीडीपेक्षा खूपच कमी साठवण असलेल्या कार्ट्रिजवर अडून बसलेल्या निन्टेन्डो ६४ ऐवजी सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आला. त्या पिढीत प्लेस्टेशनने १० कोटींचा टप्पा ओलांडला, तर निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाखांवर राहिला. तिथेही एका गेमची गरज एका यंत्राने भागवली आणि दुसऱ्याने भागवली नाही.

स्विचची मोठी त्रुटी याच बळातून येते. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या कन्सोलवर मिळत नाहीत, त्यामुळे वर्षे उलटली तरी त्यांच्या किमती फारशा उतरत नाहीत आणि गिऱ्हाइकाला दुसरी वाट उरत नाही. सोनीने २०२० पासून आपले अनेक मोठे गेम पीसीवर आणले, मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपले काही गेम प्रतिस्पर्ध्यांच्या कन्सोलवरही दिले. निन्टेन्डोने मात्र आपला दरवाजा बंदच ठेवला आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून हे मला मनापासून खटकते.

ज्यांना सगळीकडे मिळणारे मोठे गेम उत्तम ग्राफिक्समध्ये खेळायचे आहेत, त्यांनी स्विच घेऊ नये. तसे गेम इथे आले तरी बहुधा धूसर चित्र आणि कमी फ्रेम रेट, म्हणजे कमी सफाईदार हालचाल, पत्करूनच येतात. झेल्डा, मारिओ किंवा ‘ॲनिमल क्रॉसिंग’ यांतले निदान दोन गेम मनापासून खेळायचे असतील, तर मात्र तो जरूर घ्यावा. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात, त्यामुळे आज घेतलेले गेम पुढच्या यंत्रावरही कामी येतील.